बाणाची दिशा

मराठी कवी आणि त्यांचे अनुवादक यांचा आलेख आम्ही 'निओ-फोर-जे' या, नाती बाणांनी साठवणाऱ्या विदागारात मांडत होतो, भाषा रूबी. दिलीप चित्र्यांपासून निघाले की 'सेज तुका'च्या (१९९१) धाग्याने तुकाराम सापडत. तुकारामांचे अनुवादक विचारले, तर उत्तर रिकामे. चुकीची सूचना मात्र कुठेच नाही. दोन दिवसांनी उमगले: कवी व अनुवादक या दोन्ही 'मॉडेलां'त आम्ही नाते 'आउट' असेच घोषित केले होते. साठवलेला बाण एकच होता, चित्र्यांकडून तुकारामांकडे. कवीच्या बाजूस 'इन' लिहिताच नाते दोन्हीकडून वाचता आले. 'प्रभाव' हा शब्द आम्ही समीक्षेत वर्षानुवर्षे असाच, दिशा न सांगता वापरला आहे. तिथे रिकामे उत्तरही मिळत नाही.