सही करणारा इथेच राहतो

परळच्या कामगार संस्थेतून पदविका घेऊन मी डोंबिवली एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी म्हणून लागलो. ते पद काही मालकाने हौसेने काढलेलं नव्हतं. पाचशे किंवा अधिक कामगार असतील तर असा अधिकारी नेमलाच पाहिजे, असं 1948च्या कारखाने अधिनियमाचं कलम 49 तेव्हा सांगत होतं. थोडक्यात, नोकरी कायद्याने दिलेली, पगार मालकाचा, आणि टाइम ऑफिसाबाहेर उभ्या असलेल्यांच्या लेखी मी मॅनेजमेंटचा माणूस.

त्या परळच्या संस्थेला आता नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव आहे. लोखंडे ठाण्याचे, जन्म 1848चा. गिरणीत ते स्टोअरकीपर होते, म्हणजे यंत्रावरचे कामगार नव्हेतच. तरी 10 जून 1890 रोजी गिरण्यांना रविवारची सुट्टी मंजूर झाली ती त्यांनी लावून धरल्यामुळे. आमच्या व्यवसायाच्या परिषदांत परदेशी गुरूंची नावं फार ऐकली, लोखंडे क्वचितच.

पुढे वागळे इस्टेटमधला यंत्रभागांचा कारखाना, मग बँक, शेवटी ऐरोलीतली सॉफ्टवेअर कंपनी. पर्सोनेलचं एचआर झालं, केबिन मोठी झाली. राहायला मात्र कल्याणातच, पारनाक्याजवळ. या हट्टाचा त्रास वागळे इस्टेटच्या दिवसांत कळला. तिथे स्वेच्छानिवृत्तीची योजना, म्हणजे व्हीआरएस, निघाली. कोणाला किती मिळणार याचा तक्ता मी केलेला, अर्जांवर सही माझी. कामगार कायद्यात 1976 साली आणीबाणीत झालेल्या दुरुस्तीनंतर मोठ्या कारखान्यांना कपातीसाठी सरकारची परवानगी घ्यावी लागू लागली. पुढे त्यासाठीची मर्यादा शंभर कामगारांवर आली. व्हीआरएसला परवानगी लागत नाही, माणूस स्वतःच अर्ज करतो. तो अर्ज कसा करवून घेतात, हे मला नीट येत होतं. नाइट शिफ्ट लावायची, कामाचं खातं बदलायचं, युनियनच्या दोघातिघांना आधी तयार करायचं.

आणि मग रविवारी लक्ष्मी मार्केटमध्ये मेथी घेताना शेजारी माझ्या तक्त्यातलाच एक फिटर. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याने विचारलं, "साहेब, पैसे फिक्सला टाकू की भावाबरोबर टेम्पो घेऊ?" मी बायकोसमोर चाचरलो. त्यानंतर अर्ज घेताना प्रत्येकाला बायकोला किंवा मुलाला सोबत आणायला सांगू लागलो, ग्रॅच्युइटीचा हिशेब कागदावर मांडून दाखवू लागलो: शेवटचा महिन्याचा पगार भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. वरच्यांना वाटलं, मी फार हळवा झालो. हळवा कसला, मला बाजारात जायचं होतं.

2009 साली कल्याणजवळच्या मोहोन्याची एनआरसी कंपनी बंद पडली आणि कामगारांची देणी वर्षानुवर्षं अडकली. माझा तिच्याशी संबंध नव्हता, पण गाडीत ओळखीचे चेहरे भेटत. कोणीतरी हमखास म्हणे, "तुम्ही त्या लायनीतले ना, जरा सांगा." मोठ्या कारखान्यांच्या गावात हा धंदा करणाऱ्याला अनोळखी राहता येत नाही, आणि माझ्या मते राहूही नये.

सॉफ्टवेअर कंपनीत अनोळखी राहणं सहज जमतं. कारखान्यात एकाला काढायचं तर आरोपपत्र, चौकशी, युनियनचा प्रतिनिधी, महिने जात. इथे मीटिंग रूममध्ये बोलावायचं, राजीनामा लिहून घ्यायचा, लॅपटॉप जमा. अर्ध्या तासाचं काम. बोलणारी एचआरची मुलगी बदलापूरची, समोरचा मुलगाही बदलापूरचा, पण दोघांना ते माहीत नसतं. यादीत फक्त एम्प्लॉयी कोड. मी सुचवलं की पत्रावर बोलणाऱ्याचा मोबाइल नंबर छापावा. लीगलने खोडलं. मग मी माझा नंबर पेनाने लिहून देऊ लागलो. थोड्यांचे फोन आले. रागावलेले फारच कमी. बहुतेकांचं पीएफ ट्रान्सफर अडलेलं असे, आणि त्या फॉर्ममध्ये कुठे काय चुकतं ते मला पाठ आहे.