काळी शाल



पर्युषण संपून आठ-दहा दिवस झाले असतील. पुण्याहून लेकीचा फोन आला. ती आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आजी गेल्यापासून तिचे फोन कमी झालेत. संवत्सरीचं ‘मिच्छामि दुक्कडम्’सुद्धा मेसेजवरच आलं होतं. म्हणून कणकेचे हात तसेच ठेवून फोन घेतला, तर म्हणते, “मम्मी, मला एक शाल विणून दे ना. क्रोशाची. पूर्ण काळी. गॉथिक.”

गॉथिक म्हणजे काय तेही तिनेच सांगितलं. युरोपातल्या जुन्या चर्चचे उंच खांब आणि टोकदार कमानी. मुंबईचं सीएसएमटी स्टेशन त्याच वळणाचं. मग तिने चित्र काढून पाठवलं: कमानींची रांग, कोळ्याचं जाळं आणि कोपऱ्यात चक्क एक कवटी! तिकडे शरदात म्हणे असलं विणतात, काळ्याच्या जोडीला वाळल्या पानांचे रंग घेऊन. आपल्याकडे शरदात कुठली पानगळ? ती शिशिरात. आश्विनात त्र्यंबकला ब्रह्मगिरीवरचं गवत पिवळं पडायला लागतं आणि खाली भात पिकतो.

हो म्हटलं खरं, पण जीव थाऱ्यावर नव्हता. एवढं काळं-काळं का सुचावं पोरीला? जाऊबाईंनी चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं, दिवाळीत लेकीच्या अंगावर काळं घालणार तू?” मला उत्तर सुचलं नाही.

रेशीम घ्यायचा प्रश्नच नव्हता. त्यासाठी किती किडे उकळतात ते तुम्हाला सांगायला नको. नाशिकहून काळं सुती सूत आणलं. संध्याकाळी चौविहार झाला, प्रतिक्रमण झालं की विणायला बसायची. काळ्या सुतावर दिव्याच्या उजेडात टाके दिसतच नाहीत. दोन ओळी उसवल्यावर अक्कल आली आणि मांडीवर पांढरा पंचा पसरला. तुम्हीही करून बघा, फार सोपं जातं. टोकदार कमानीची युक्ती अशी: पाच साखळ्यांची कमान घ्यायची, तिच्यात आधी आखूड खांब, मग खांब, मधोमध लांब खांब, टोकाला तीन साखळ्यांची गाठ आणि तसंच उलट उतरत यायचं.

तेवढ्यात ओळी आली. नऊ आयंबिल धरली होती. पहिला दिवस अरिहंतांचा, पांढरा, तांदळाचा. मग लाल गहू, पिवळे चणे, हिरवे मूग. पाचवा दिवस साधुपदाचा. पानात काळे उडीद, ना तेल, ना तूप. पहिला घास तोंडात घातला आणि हात थांबला. साधुपदाचा रंग काळा! ‘नमो लोए सव्वसाहूणं’ लहानपणापासून म्हणतेय, वर्षानुवर्षं हे उडीद खातेय, आणि लेकीने काळं मागितलं तर मला धडकी भरली. आपलं त्र्यंबकेश्वराचं देऊळ, नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेलं आणि १७८६ साली पुरं झालेलं, तेही काळ्या पाषाणाचंच आहे. रोज बघते की!

त्या रात्री मीच फोन केला. म्हटलं, “काळी करतेय. पण कवटी नाही करणार हं.”

“नको करूस. जाळं तरी?”

जाळं चालेल म्हटलं. दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी माझे हात जाळ्याशीच अडतात. आधी कोळी पुंजणीवर घेऊन बाहेर सोडायचा, मग झाडायचं. निदान सुताच्या जाळ्यात जीव नसतो.

मग धीर करून विचारलं, “काळीच का गं?”

बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “आजीने विणलेली पांढरी आहे ना माझ्याकडे. ती पांघरली की रडू येतं. हॉस्टेलवर सगळ्यांसमोर रडता येत नाही.”

मला क्रोशाची सुई धरायला सासूबाईंनीच शिकवलं होतं. त्या रात्री विणलेलं सगळं वाकडं आलं.

दिवाळीत निर्वाणाचा लाडू चढवून झाल्यावर लेक म्हणाली, अंजनेरीला जाऊ. त्र्यंबकहून नाशिकच्या रस्त्याला लागलं की जवळच. तिथे यादवकाळातल्या पडक्या देवळांमध्ये आपलीही मंदिरं आहेत. इ.स. ११४०च्या सुमाराच्या शिलालेखात एका वाणी मंत्र्याने जिनमंदिराला दुकानांचं उत्पन्न दिल्याची नोंद आहे. लेक म्हणाली, त्याच सुमाराला पॅरिसजवळ सेंट डेनिसला गॉथिकची सुरुवात होत होती. तिथला नवा भाग ११४४ साली पुरा झाला. इथे टोकदार कमान नाही, खांबांवर आडव्या शिळा. पण गवतात पडलेला तो काळा दगड, आणि त्यावर बसलेली काळ्या शालीतली माझी पोर. मला काही परकं वाटलं नाही.

तिने शालीचं टोक उजेडात धरलं. “मम्मी, इथे एक खांब चुकलाय.”

“माहीत आहे. उसवायला वेळ नव्हता.”

“राहू दे,” म्हणाली आणि शाल घट्ट लपेटून घेतली.