भूल देण्याआधी रक्त काय सांगतं?

माणसाच्या दाताचं काम हिरडीतल्या एका इंजेक्शनवर भागतं. कुत्र्या-मांजरांचं तसं नाही. दात साफ करायचे असोत, गाठ काढायची असो किंवा नसबंदी असो, पूर्ण भूल द्यावीच लागते. मग पालक विचारतात, “डॉक्टर, एवढ्याशा ऑपरेशनला रक्त कशाला तपासायचं?” ऑपरेशन लहान असलं तरी भूल लहान नसते.

भुलेची बहुतेक औषधं यकृत मोडतं आणि मूत्रपिंडं बाहेर टाकतात. भुलेत रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडांना होणारा रक्तपुरवठा घटतो. आधीच थकलेली मूत्रपिंडं तिथेच कोलमडू शकतात. रक्तातलं अल्ब्युमिन कमी असेल तर प्रोपोफॉलसारखं औषध नेहमीच्या मात्रेतही जास्त चढतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर कितीही ऑक्सिजन दिला तरी तो वाहून न्यायला पुरेशा पेशी नसतात.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे: गोचीड. गोचिडामुळे होणाऱ्या एर्लिकिया संसर्गात प्लेटलेट घटतात. जुनाट संसर्गात कुत्री नीट जेवते, शेपटी हलवते, आणि रिपोर्टमध्ये प्लेटलेट चाळीस हजार निघतात. निरोगी कुत्र्यात त्या साधारण दोन ते पाच लाख असतात. नसबंदीत अंडाशयाच्या रक्तवाहिन्या बांधायच्या असतात, तिथे हा आकडा दुर्लक्षून चालत नाही. अशा वेळी मी तारीख पुढे ढकलते, डॉक्सिसायक्लिनचा २८ दिवसांचा कोर्स पूर्ण करून पुन्हा रक्त बघते. गर्भाशयात पू झाला असेल तर मात्र थांबता येत नाही. तेव्हा रक्त देणारा कुत्रा आधी शोधून ठेवावा लागतो.

आकडाही डोळे झाकून मानायचा नसतो. मांजराच्या प्लेटलेट नळीतच एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या फार कमी मोजतं. म्हणून काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहते. पट्टीच्या पातळ कडेला जांभळट ठिपक्यांचे पुंजके दिसले की रिपोर्टमधली ‘कमतरता’ खोटी ठरते. ठिपके सुटे असतील तर तेलाच्या भिंगाखाली एका दृश्यात दिसणारा एक ठिपका म्हणजे ढोबळमानाने पंधरा हजार प्लेटलेट. असे दहा-बारा दिसले की मी निर्धास्तपणे पुढे जाते.

या तपासणीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. मूत्रपिंडांचं सुमारे तीन चतुर्थांश काम गेल्याशिवाय क्रिएटिनिन वाढत नाही. म्हणून वयस्कर मांजराची लघवीही तपासावी. डॉबरमनमधल्या वॉन विलब्रांड आजारात प्लेटलेट भरपूर असूनही रक्त थांबत नाही. हृदयाचे बहुतेक दोष या रिपोर्टात दिसत नाहीत, त्यासाठी स्टेथोस्कोपच लागतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या दीड हजार कुत्र्यांच्या एका जर्मन अभ्यासात, इतिहास आणि शारीरिक तपासणी निर्दोष असताना रक्त तपासल्यामुळे भुलेची योजना क्वचितच बदलली. म्हणून तरुण, धडधाकट प्राण्याला महागड्या चाचण्यांची लांबलचक यादी मी लिहून देत नाही. पेशींची मोजणी, काचपट्टी आणि मोजक्या चाचण्या पुरतात. वय सात-आठच्या पुढे गेलं किंवा आजाराची शंका आली की यादी वाढते.

२००८ सालीच प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासात निरोगी कुत्र्यांमध्ये भुलेशी संबंधित मृत्यूचं प्रमाण ०.०५ टक्के होतं, आजारी कुत्र्यांमध्ये १.३३ टक्के. आजार आधी कळणं का महत्त्वाचं, ते या दोन आकड्यांत आहे. त्याच अभ्यासात कुत्र्यांचे जवळपास निम्मे आणि मांजरांचे निम्म्याहून अधिक मृत्यू ऑपरेशननंतर झाले, त्यांतले बहुतेक पहिल्या तीन तासांत.

तेव्हा ऑपरेशनची तारीख घेतानाच रक्त तपासून घ्या, आदल्या संध्याकाळी घाई करू नका. पूर्वी झालेला गोचीडताप, चालू औषधं, अचानक वाढलेलं पाणी पिणं, सगळं सांगा. आणि एक प्रश्न जरूर विचारा: “ऑपरेशननंतरचे तीन तास याच्याजवळ कोण बसणार?” त्याचं नीट उत्तर मिळणं हा तुमच्या प्राण्याचा हक्क आहे.