इपिकॅकची मुळी

ब्राझीलच्या मातो ग्रोसोत, मोठ्या झाडांच्या गर्द सावलीत हे वीत-दोन वीत उंचीचं झुडूप वाढतं. तिथे त्याला पोआया म्हणतात. आपल्याकडे इपिकॅक हे नाव होमिओपॅथीच्या गोळ्यांमुळे ओळखीचं. पण त्या गोळ्यांत मुळीचा अंश जवळजवळ नसतोच. ही टिपणं खऱ्या मुळीची.

*

वाळलेली मुळी गडद तपकिरी, वेडीवाकडी, पेन्सिलीहून बारीक. अंगभर एकाला एक लागून वळ्या, मणी ओवल्यासारख्या. वाकवली की कटकन मोडते. औषध सगळं जाड सालीत, आतल्या काडीत नावापुरतं. कुटताना धूळ उडते, तिने शिंका येतात, डोळे चुरचुरतात. काहींना दम लागतो.

*

ब्राझीलच्या मूळ रहिवाशांना मुळीचे दोन्ही गुण ठाऊक होते: जास्त घेतली तर उलटी होते, आणि रक्ती आव थांबते. डच वैद्य विलेम पिसोने तिथे राहून हे टिपलं. मार्कग्राफ या सहकाऱ्यासोबतचा त्याचा ग्रंथ 1648 मध्ये छापला गेला.

*

पुढे पॅरिसमध्ये एल्वेस्युस नावाच्या वैद्याने हीच मुळी गुप्त औषध म्हणून विकली. 1688 मध्ये चौदाव्या लुईने ते गुपित विकत घेऊन जाहीर केलं. पैसे वैद्याला मिळाले. ज्यांच्या अनुभवावर हे औषध उभं होतं, त्यांना काहीच नाही. मला हा उघड अन्याय वाटतो.

*

गुण कुणाला येई, कुणाला नाही, म्हणून डॉक्टरांचे वाद वर्षानुवर्षं चालले. कारण आव दोन तऱ्हेची: एक अमीबामुळे, दुसरी जिवाणूंमुळे. मुळीतलं एमेटिन पेलेतिए आणि माजांदी यांनी 1817 मध्ये वेगळं काढलं होतं. ते अमीबाला मारतं. जिवाणूंच्या आवेवर त्याचा उपयोग नाही. 1912 मध्ये लिओनार्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यात एमेटिनची इंजेक्शनं दिली आणि अमीबाची आव आटोक्यात आली. पोटातून घेतलेली भुकटी उलटून पडायची, ती अडचणही टळली. उलटी होऊ नये म्हणूनच पूर्वी भुकटीच्या आधी अफू देत. डोव्हर्स पावडर नावाच्या जुन्या औषधात तर अफू आणि इपिकॅक एकत्रच असत.

*

एमेटिन हृदयाच्या स्नायूंना इजा करतं. म्हणून इंजेक्शनं चालू असताना रोग्याला अंथरुणावरून उठू देत नसत. आवेवर मेट्रोनिडाझोल हे औषध आल्यावर ही जोखीम घ्यायचं कारण उरलं नाही. अमेरिकेत विष पोटात गेल्यावर उलटी करवायला घरोघरी इपिकॅक सिरप ठेवत. 2003 मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ते घरात ठेवू नका असं सांगितलं. वजन घटवण्यासाठी हे सिरप वारंवार घेणाऱ्यांचे जीव गेले आहेत. वनस्पतीचं औषध म्हणजे निरुपद्रवी, असं मानणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो.

*

मातो ग्रोसोतले मुळी काढणारे लोक टोकदार काठीने माती सैल करतात, झुडूप उपसतात आणि मुळीचे तुकडे मातीतच राहू देतात. त्यातून पुन्हा फुटवा येतो. जंगल तोडून कुरणं झाली की सावली जाते आणि पोआयाही जाते. इंग्रजांनी तिची लागवड दार्जिलिंगजवळ मंगपूला, सिंकोनाच्या मळ्यांच्या परिसरात केली. तिथेही तिला सावली आणि दमट हवा लागतेच.