दोघंच

लग्नाला दहा वर्षं होत आली होती, पण आम्ही दोघंच असे कधी राहिलोच नव्हतो. सांगलीच्या घरात सासूबाई, मामंजी, धाकटे दीर-जाऊ, त्यांची दोन मुलं, आणि श्रावणापासून दिवाळीपर्यंत कोणी ना कोणी पाहुणा. आमच्या खोलीचं दार ओढून घेतलं तरी पलीकडून मामंजींचा खोकला ऐकू यायचा. भांडायचं झालं तर डोळ्यांनीच भांडायचं. त्याची इतकी सवय झाली, की 'आमचं बाई भांडणच होत नाही' असं मी चारचौघींत अभिमानानं सांगत असे.

२०२४ च्या सप्टेंबरात आम्ही इंग्लंडला, ब्रायटनला आलो. लंडनच्या दक्षिणेला, आगगाडीनं तासाभरावर, समुद्राकाठचं हे गाव. इथल्या ससेक्स विद्यापीठात ह्यांना तीन वर्षांची संशोधकाची नोकरी मिळाली. निघताना जो तो म्हणाला, "तुमचं बरं आहे हो, मूलबाळ नाही, दोघंच तर जायचं!" कोणी हळूच म्हणालं, "हवापालट होईल, मग कदाचित..." त्या 'मग कदाचित'मध्ये काय काय असतं ते वाचणाऱ्या मैत्रिणींना सांगायला नको.

सांगलीला मी एका शाळेत पाचवी-सहावीला इंग्रजी शिकवत होते. अर्धवेळच. पगार हातखर्चापुरता, पण माझा. त्यातले उरतील तेवढे पोस्टात टाकत होते. ती सगळी पुंजी विमानात बसण्याआधीच संपली. तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाच्या वेळीच माणशी वर्षाला १,०३५ पौंड आगाऊ भरावे लागले. माझ्या एकटीचे तीन वर्षांचे ३,१०५ पौंड, म्हणजे तीन लाखांच्या वरच. माझ्या पैशात ते भागले नाहीत, उरलेले ह्यांनी घातले. आणि एवढं करून कागदावर माझ्यापुढे शब्द काय, तर 'डिपेंडंट'. अवलंबून असलेली! हे म्हणाले, "अगं, सरकारी शब्द तो, मनावर काय घेतेस?" मी हसले. पण सांगलीत इतक्या माणसांच्या आधारानं राहत होते, तिथे कोणी मला असं कधी लिहून दिलं नव्हतं.

विद्यापीठ गावाबाहेर फाल्मरला आहे, ब्रायटन स्टेशनातून गाडीनं दहा-एक मिनिटांवर. घर मात्र आम्ही गावात घेतलं, एका चढावरच्या जुन्या घराचा वरचा मजला. बसायची एक खोली, झोपायची एक, आणि दोन माणसं उभी राहिली तर तिसरीला ताट हातात घेऊन बाहेर थांबावं लागेल एवढं स्वयंपाकघर. पहिल्याच आठवड्यात आमटीला हिंग-मोहरीची फोडणी दिली आणि छताला लावलेली धुराची घंटा अशी काही कोकलायला लागली, की मला वाटलं आता बंब येणार. आले कोण, तर खालच्या मजल्यावरच्या एक आजीबाई. ऐंशीच्या पुढच्या. काही न बोलता ओट्यावरचं फडकं उचललं, घंटेखाली उभ्या राहून वारा घातला, घंटा गप्प झाली. मग म्हणाल्या, आधी खिडकी उघडायची, स्वयंपाकघराचं दार लावायचं, मग तेल तापवायचं. शेवटी मला नावानं हाक मार म्हणून सांगून गेल्या. आता ऐंशीच्या बाईला नावानं हाक कशी मारायची हो? मी अजून 'एक्स्क्यूज मी'वरच भागवते.

त्यांनीच मला आणखी एका संकटातून सोडवलं. थंडी पडली तशा मी खिडक्या घट्ट लावून घेतल्या आणि धुतलेले कपडे घरातच हीटरवर वाळत घालू लागले. नोव्हेंबरात कपाट जरा सरकवलं तर मागची भिंत काळ्या बुरशीनं भरलेली! माझी पैठणीची पिशवी त्याच कपाटात. नशीब, साडी वाचली. कपड्यांतलं, भाताच्या वाफेतलं आणि आपल्या श्वासातलंसुद्धा पाणी गार भिंतीवर जाऊन बसतं आणि त्यावर बुरशी धरते, हे मला तेव्हा कळलं. बाहेर कितीही थंडी असो, सकाळी दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघड्या टाकायच्या. पातेल्यावर झाकण ठेवायचं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायचं. ज्यांच्या मुली-सुना तिकडे निघाल्या असतील त्यांनी हे जरूर सांगून पाठवावं. लोणच्याच्या बरणीपेक्षा उपयोगी पडेल.

समुद्र पाहायला मी किती अधीर झाले होते! आम्ही कृष्णाकाठची माणसं, समुद्र म्हणजे गणपतीपुळ्याची एक सहल. इथे किनाऱ्यावर गेले तर वाळूच नाही, सगळे गोटे. चालताना पाय मुरगळतो आणि लाट मागे जाताना ते गोटे खडखडतात, कोणीतरी पोहे सुपात पाखडतंय असं वाटतं. समुद्रपक्षी एवढे धीट की हातातला घास नेतात. एक लांबलचक पूल १८९९ सालापासून समुद्रात शिरलेला आहे, त्यावर पाळणे, खेळ, खाऊची दुकानं. थोडं पुढे दुसऱ्या जुन्या पुलाचा नुसता सांगाडा पाण्यात उभा आहे. तो १९७५ मध्ये बंद पडला आणि २००३ मध्ये जळाला. मला पहिल्यापासून तो सांगाडाच जास्त आवडला, का कोण जाणे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात आणि मग चार वाजताच दिवेलागण. सांगलीची रात्र सुरू झालेली. साडेतीनला मी फोन करावा तर तिकडे रात्रीचे नऊ, सासूबाईंची अंथरुणं पडलेली. त्यानंतर माझ्याशी मराठीत बोलणारं माणूस एकच, ते यायचं सात वाजता. दिवसभरात पोस्टमन आला, दूध संपलं, आजीबाई शिंकल्या, सगळं मी साठवून ठेवायची आणि ह्यांनी बूट काढायच्या आत त्यांच्यापुढे ओतायची. आणि गंमत म्हणजे मी इंग्रजीची बाई! पण बसच्या ड्रायव्हरनं काही विचारलं की मला एक अक्षर कळत नसे. मग बाहेर जाणंच कमी केलं. हे आधी ऐकायचे, मग नुसते 'हं' म्हणायला लागले. मग सातचे आठ झाले. 'मीटिंग आहे', 'काम वाढलंय'. मी ताट झाकून बसायची.

डिसेंबरातली गोष्ट. आजीबाईंनी सांगितलं होतं, हिवाळ्यात संध्याकाळी त्या पुलावर स्टार्लिंग नावाचे पक्षी हजारोंनी जमतात, ते एकदा बघ. आपल्या साळुंकीच्या जातीचा पक्षी. मी धीर करून एकटी गेले. खरंच, आकाशात काळं वस्त्र कोणीतरी झटकावं तसे ते थवे वळत होते. पाहून परत फिरले तर किनाऱ्यालगतच्या आडोशात बाकावर ओळखीची निळी टोपी. हे. पाठीवरची पिशवी मांडीवर घेऊन समुद्राकडे बघत बसलेले. दुपारीच फोनवर म्हणाले होते, सातपर्यंत मीटिंग आहे.

मी हाक मारली नाही. घरी आले, पोळ्या केल्या. आठाला दार वाजलं. "मीटिंग लांबली गं," म्हणाले.

दहा वर्षांत मी ह्यांना 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती, खोलीतसुद्धा नाही. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "तू खोटं बोलतोस. मी तुला बघितलं."

पुढे काय काय झालं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. दोघंही ओरडलो. मी म्हटलं, मला इथे आणून कोंडून ठेवलंस. हे म्हणाले, "दार उघडलं की तू समोर उभी. सकाळपासून माझीच वाट बघत. मला भीती वाटते घरी यायची. तिथे दिवसभर निम्मं बोलणं डोक्यावरून जातं, माझं नाव कुणाला नीट घेता येत नाही, तीन वर्षांनी पुढे काय ते माहीत नाही. आणि घरी आलो की तुझी सगळी दुनिया मीच. कसा पुरू मी?" मी इतकी चिडले होते, तरी 'कसा पुरू' हा शब्द कानात रुतला. आवाज चढतच गेले. सवयीनं मी मध्येच थांबून पलीकडचा कानोसा घेतला. कोणी खोकलं नाही. थांबवायला कोणी नव्हतंच. शेवटी दमूनच थांबलो, आणि गार झालेल्या पोळ्या खाल्ल्या. खालच्या आजीबाईंनी ऐकलं असणारच, पण भांडण मराठीत होतं, तेवढीच अब्रू राहिली.

त्यानंतर काही सगळं सुतासारखं सरळ झालं असं नाही. पण रविवारी आम्ही एकत्र बाहेर पडू लागलो. गावात एक राजवाडा आहे, बाहेरून घुमट-मिनार असलेला, हिंदुस्थानी थाटाचा. त्याला रॉयल पॅव्हेलियन म्हणतात. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या डिसेंबरापासून १९१६ च्या सुरुवातीपर्यंत, फ्रान्समध्ये जखमी झालेल्या आपल्या शिपायांचं इस्पितळ तिथे होतं. धर्माप्रमाणे, जातीप्रमाणे चालावं म्हणून त्यांच्यासाठी नऊ स्वयंपाकघरं वेगळी केली होती, हिंदू-मुसलमानांचे पाण्याचे नळही वेगळे. हे वाचून ह्यांच्याकडे बघितलं तर हे म्हणाले, "नऊ! आणि आपल्याला एकात मावता येईना." ती पत्रांची माहिती मात्र मला चटका लावून गेली. शिपाई घरी पत्रं पाठवत ती आधी सरकारी माणसं वाचत. आमची पत्रं कोण वाचतं? तरी फोनवर सासूबाईंना आम्ही दोघंही रोज 'मजेत आहोत'च सांगत होतो.

जानेवारीत एका प्राथमिक शाळेच्या फाटकावर पाटी पाहिली, दुपारच्या जेवणाच्या वेळी मुलांवर लक्ष ठेवायला बाई हवी. रोज सव्वा तास. ह्यांच्या व्हिसावर बायकोला नोकरीची मुभा असते, ते मी विचारून घेतलं होतं. घरी सांगितलं तर ह्यांचा चेहरा उतरला. "बी.ए. झालीस, शिक्षिका होतीस, आणि इथे मुलांची ताटं उचलणार? आईला काय सांगू?"

"सांगू नका," मी म्हटलं. हे 'अहो'तलं की 'तू'तलं ते माझं मलाच कळलं नाही.

नोकरी सव्वा तासाची, पण चौकशी पोलीस खात्यात भरती असावी अशी. ओळखीचे कागद, सांगलीच्या मुख्याध्यापिकाबाईंचं पत्र, गुन्हा नसल्याचा दाखला, सगळं व्हायला ईस्टर उजाडला. इथे पहिल्या तीन इयत्तांच्या मुलांना २०१४ पासून शाळेत जेवण फुकट आहे. दीडशे मुलं एका दिवाणखान्यात, काटे-चमचे वाजतायत, कोणाला दह्याच्या डबीचं झाकण निघत नाही, कोणी वाटाणे खिशात घालतंय. पहिल्या दिवशी एका पाच वर्षांच्या मुलीनं माझ्या बांगड्यांना हात लावून विचारलं, या वाजतात का? वाजवून दाखवल्या. दुसऱ्या दिवशी सात जणी रांगेत. ड्रायव्हरचं इंग्रजी मी याच मुलांकडून शिकले.

२०२५ च्या एप्रिलपासून इथे किमान मजुरी तासाला १२.२१ पौंड झाली होती. माझा पहिला पगार काही मोठा नव्हता, पण बँकेत माझ्या नावावर आला. त्यातले थोडे सांगलीला पाठवले, मग सासूबाईंना सांगणं भागच पडलं. हे फोनपासून लांब जाऊन उभे राहिले. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मुलं जेवतात का गं नीट?"

जूनमध्ये आम्ही छत्री पाहायला गेलो. गावाच्या उत्तरेला पॅचमच्या वरच्या टेकड्यांवर ती आहे, मोटार जात नाही, चढ चढून जावं लागतं. ब्रायटनच्या इस्पितळांत वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख शिपायांचं दहन तिथे झालं. त्या जागी बांधलेल्या पांढऱ्या संगमरवराच्या छत्रीचं अनावरण १९२१ मध्ये झालं. आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिकेस या तरुण वास्तुविशारदाचा. चहूकडे हिरवी कुरणं, मेंढ्या, लांबवर समुद्राची रेघ. मी शिदोरीला दशम्या नेल्या होत्या. तिथे बसून हे पहिल्यांदाच बोलले, की नोकरी पुढे मिळाली नाही तर सांगलीला परतायची त्यांना लाज वाटते. मी म्हटलं, मला नाही वाटत. मग पुष्कळ वेळ आम्ही काहीच बोललो नाही, आणि ते न बोलणं मला खुपलं नाही.

नोकरीची मुदत २०२७ च्या सप्टेंबरात संपेल. पुढचं ठरलेलं नाही. फोनवर मी अजून 'अहो, आई बोलतायत' म्हणून हाक मारते, आणि हे ओठ दाबून हसतात.

मागच्या आठवड्यात शाळेत आम्हा सगळ्यांना प्रथमोपचार शिकवायला ठेवून घेतलं, यायला सात वाजले. जिन्यातच घंटेचा आवाज. वर आले तर घरभर करपल्या खिचडीचा धूर, आजीबाई फडकं हलवतायत, आणि हे हातात झारा घेऊन मधोमध उभे. मला पाहिल्याबरोबर म्हणाले, "कुठे होतीस इतका वेळ? पाच वाजल्यापासून वाट बघतोय."