शंका घ्यावी तर शेवटपर्यंत

‘दुष्काळ काय आजच पडायला लागलेत का?’ मराठवाड्यातल्या परंडा तालुक्यात कुणी असं विचारलं तर तो प्रश्न उडवून लावता येत नाही. दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण मराठी मुलखाने सहाशे वर्षं जपली आहे. १६३०च्या दुष्काळाने गावंच्या गावं ओस पाडली, १८७६ ते ७८ने दख्खन पोखरून काढलं, आणि १९७२ची सुकडी आणि खडी फोडण्याची कामं अजूनही म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात येतात. चैत्रातल्या यात्रेला काळभैरवनाथाच्या दारी माणसं लोटतात त्या सोनारीत आभाळ लहरी असल्याची कुणाला नवलाई नाही. त्यामुळे माणसाने जाळलेल्या कोळशा-तेलामुळे हवामान बदलतंय असं सांगितलं, की दोन उत्तरं मिळतात. एक, हे पूर्वीपासून चालत आलंय. दुसरं, पाऊस देवाच्या हातात आहे. ही दोन उत्तरं एकाच तोंडून निघत असली तरी त्यांची जात वेगळी आहे. पहिलं उत्तर पुराव्याचं आहे आणि त्याची तपासणी होऊ शकते. दुसरं श्रद्धेचं आहे, आणि माझ्या मते त्याची या वादात फारशी अडचणही नाही.

अविश्वासाला कारणंही आहेत. जुलै २०१७ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी दिंद्रुड पोलीस ठाण्यात थेट हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली. पाऊस चांगला होणार या अंदाजावर पेरण्या केल्या, पावसाने ओढ दिली, बियाणं मातीत गेलं. अंदाज बियाणं आणि औषध कंपन्यांच्या सोयीचा होता, असा त्यांचा आरोप होता. संगनमताचा आरोप मला पटत नाही. पण ज्याच्या शब्दावर घरातला पैसा मातीत टाकला त्याला जाब विचारायचा, ही वृत्ती मला मोलाची वाटते. मग पुढचा प्रश्न उरतो : ज्यांना पंधरा दिवसांचा पाऊस सांगता येत नाही, ते पन्नास वर्षांचं तापमान कुठून सांगणार? या आक्षेपात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. येत्या मंगळवारी सोनारीवर आभाळ गळेल का, हे सांगणं फार अवघड. वैशाख पौषापेक्षा तापेल, हे मात्र कुणीही छातीठोकपणे सांगतो, कारण तिथे एकेका ढगाचा माग काढायचा नसतो. जमिनीवर किती ऊन येतं आणि किती उष्णता परत जाते, एवढा हिशेब पुरतो. हवामानबदलाचं शास्त्र या दुसऱ्या हिशेबाचं आहे.

आणि तो हिशेब जुना आहे. कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो हे जॉन टिंडॉलने १८५९च्या सुमारास प्रयोगशाळेत मोजलं. हवेतला हा वायू वाढला तर पृथ्वी किती तापेल याचं गणित स्वीडनच्या अऱ्हेनियसने १८९६ मध्ये मांडलं. त्या वेळी या प्रश्नाला कुठल्याच पक्षाचा रंग नव्हता. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआवर नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते ३१५ होते, आज ४२०च्या वर आहेत. वाढलेला कार्बन जमिनीखालच्या कोळशा-तेलातला आहे हेही ओळखता येतं, कारण कोट्यवधी वर्षं गाडलेल्या कार्बनमध्ये कार्बन-१४ उरलेलाच नसतो आणि अशा कार्बनची भेसळ हवेत उतरते. ‘सूर्यच जास्त तापत असेल’ ही शंका रास्त होती, आणि शास्त्रज्ञांनी ती मनावर घेतली. सूर्य कारण असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. स्युकुरो मनाबे यांच्या १९६७च्या गणिताने उलट सांगितलं होतं : वायू कारण असेल तर खालची हवा तापेल आणि वरचा थर थंड होईल. पुढच्या दशकांतल्या मोजणीत तसंच दिसलं. हे भाकीत चुकू शकलं असतं, म्हणून त्याच्या खरं ठरण्याला वजन आहे. पूर्वी दुष्काळ पडत होतेच, या युक्तिवादाने असं कोणतं भाकीत केलं? आधी नैसर्गिक कारणांनी हवामान बदललं एवढंच त्यातून कळतं. आत्ताचं कारण कोणतं, यावर तो गप्प आहे.

‘सगळे शास्त्रज्ञ म्हणतात म्हणून मानायचं, तर ही श्रद्धाच झाली’ हा आक्षेप मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. एकमत हा पुरावा नव्हे, हे खरंच. पण एकमत कसं झालं ते पाहावं लागतं. बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांना तापमानाच्या नोंदींवरच शंका होती. त्यांनी नव्याने सगळ्या नोंदी तपासायला घेतल्या. खनिज तेलाच्या धंद्यातल्या कोक कुटुंबाच्या संस्थेचाही त्याला पैसा होता. २०१२ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की तापमानवाढ खरी आहे आणि ती जवळजवळ पूर्णपणे माणसामुळे आहे. शंका घेणारा माणूस असा असावा : शंका शेवटपर्यंत नेणारा, आणि उत्तर मिळालं की ते मान्य करणारा. महाराष्ट्राला हे शिकवावं लागू नये. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्यभर चमत्काराला पुरावा मागितला आणि २०१३ मध्ये त्यासाठी प्राण गमावले. तोच पुरावा नकारालाही मागायला हवा.

राहिली श्रद्धा. भैरवनाथाला साकडं घालणारा माणूस त्याच आठवड्यात बोअर घेतो, पीकविम्याचा हप्ता भरतो, माती तपासून आणतो. देवावर भार टाकला म्हणून तो कारणांचा विचार सोडत नाही. माणसाने काय केलं तरी देव त्याचा परिणाम होऊ देणार नाही, असं आपल्या कुठल्याही संताने सांगितल्याचं मला माहीत नाही. केलेलं भोगावं लागतं, हेच तर घरोघरी सांगितलं जातं. म्हणून श्रद्धावंतांना हिणवून हवामानाचं शास्त्र शिकवणाऱ्यांचं मला पटत नाही. ते चुकीच्या माणसाशी भांडतात.

मराठवाड्यापुरतं बोलायचं तर पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, आणि त्याच काळात मोसमाचा एकूण पाऊस घटला. तापलेल्या अरबी समुद्राकडून येणारी बाष्पाची लाट त्यामागे आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुरात परंडा तालुक्यात अडकलेल्यांना काढायला हेलिकॉप्टर आणावं लागलं. दोन्ही गोष्टी एका दशकात.

इथे मात्र मला उलट बाजूने शंका घ्यावीशी वाटते. प्रत्येक आपत्ती हवामानबदलाच्या खात्यावर टाकून मोकळं होणं ही दुसरी पळवाट आहे. जागतिक सरासरीहून भारताचं माणशी उत्सर्जन कमी आहे, आणि परंड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा वाटा तर नगण्य. अपराध त्याच्या माथी मारणं अन्याय आहे. पण अवर्षणाच्या तालुक्यात उसाखाली किती पाणी जातं, हा निर्णय कार्बनने घेतलेला नाही. सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या धरणांतून पाणी कधी आणि किती सोडायचं, खालच्या गावांना आधी किती तास कळवायचं, हे माणसं ठरवतात. दिंद्रुडला पोलीस ठाण्याची पायरी चढलेल्या शेतकऱ्यांची वृत्ती इथे कामाला यावी. पुराच्या रात्रीच्या विसर्गाच्या नोंदी, महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाचे आकडे आणि गावांना दिलेल्या इशाऱ्यांच्या वेळा ग्रामसभेत मागून घ्याव्यात, आणि त्या एकमेकींशी ताडून पाहाव्यात.