फडताळावरची बरगडी

चिपळूणहून कऱ्हाडच्या रस्त्याला लागले की कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी अलोरे भेटते. जवळच कोळकेवाडीचे धरण. कृष्णेला मिळून पूर्वसमुद्राला जायचे कोयनेचे पाणी माणसाने डोंगराच्या पोटातून इकडे वळवले. विजेची चाके फिरवून ते वाशिष्ठीवाटे दाभोळच्या खाडीला जाते. हे नवल पाहायला गेलो आणि लक्षात राहिला तो आमच्या स्नेह्यांच्या फडताळावरचा, वर्तमानपत्रांवर वजन म्हणून ठेवलेला दगड!

वीतभर लांब, तपकिरी, केळ्यासारखा बाक असलेला. उचलला तो हात खालीच गेला.

"काका, हा बोगद्यात सापडला?" आमच्या धाकट्याने विचारले.

"छे रे! इथला कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. ही समुद्रगाईची बरगडी. तिचे कूळसुद्धा तेव्हा जन्मले नव्हते."

बरगडी कच्छातल्या हरुडीची. चार कोटींहून अधिक वर्षांमागे तिथे उथळ समुद्र होता. समुद्रगाय नावाचीच गाय. सोयरीक म्हणाल तर हत्तीशी! चारा मात्र समुद्रतळीच्या गवताचा. छातीत हवा भरलेली, म्हणजे शरीर वर तरंगणार. मग तळाशी चरायचे कसे? म्हणून बरगड्याच जाडजूड आणि भरीव झाल्या. पाणबुड्याच्या कमरेचे शिसेच म्हणा ना! सांगाडा विखुरला तरी अशा बरगड्या टिकतात.

तिची आजची नातलग डुगाँग कच्छच्या आखातात अजून आहे, पण मोजकीच. तमिळनाडूने २०२२ साली पाल्कच्या उपसागरात तिच्यासाठी ४४८ चौरस किलोमीटर समुद्र राखून ठेवला. उत्तरेच्या थंड समुद्रातली तिची अवाढव्य बहीण शास्त्रज्ञाच्या दृष्टीस पडली १७४१ मध्ये. १७६८ पर्यंत शिकाऱ्यांनी ती मारून संपवलीदेखील.

"वस्तू मोठी नामी जमवलीत हं," मी म्हणालो.

काकांचा चेहरा उतरला. "हौसेने उचलली हो. कुठल्या थरात होती, वर काय, खाली काय, काही टिपले नाही. तिथे राहती तर अभ्यासकाला चार गोष्टी सांगती. इथे नुसती रद्दी दाबते आहे."

निघताना काकूंनी आगळाची बाटली बांधून दिली. काकांनी आणखी एक जड पुडके हाती ठेवले.

"पुण्याला भूशास्त्राच्या कुणा प्राध्यापकांना द्या. वर 'हरुडी' लिहिले आहे. त्याहून जास्त मला आठवत नाही."